जलरंग, अ‍ॅक्रिलिक आणि हौशी चित्रकार



हौशी गायकाला श्रोते लागतात, हौशी नटाला रंगमंच लागतो. हौशी चित्रकाराचे मात्र एक खिडकी, पेलाभर पाणी आणि घरच्या मंडळींची तासा-दोन तासांची सहनशीलता एवढ्यावर भागते. महाराष्ट्राबाहेर जिथे जिथे मराठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तिथे ग्रंथालय, नाट्यमंडळ आणि गणेशोत्सव यांच्या सावलीत हा एकांडा शौकही टिकून राहिला. रविवारी सकाळी झोळीत रंगपेटी टाकून नदीकाठी निघणारा शिक्षक, कचेरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कुंचला हाती धरणारा हिशेबनीस, दुपारची आवराआवर संपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावरच कागद पसरणारी गृहिणी, ही माणसे गावोगाव आहेत. त्यांच्या चित्रांपैकी एखादे दिवाणखान्यात लागते. बाकीची जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर चढतात. या चित्रांविषयी बोलायचे ते कौतुकासाठी नव्हे. कौतुक घरचे लोक करतातच, आणि ते बहुधा निरुपयोगी असते. बोलायचे आहे ते एका व्यवहारी काळजीपोटी.

ती काळजी समजण्यासाठी इंदूरचा राजवाडा डोळ्यांपुढे आणावा. सात मजल्यांची ही वास्तू. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ सालच्या दंगलीत तिला आग लागली. दर्शनी भाग उभा राहिला, आतला पुष्कळ भाग जळाला, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याची पुनर्बांधणी झाली. आगीपूर्वीची छायाचित्रे आहेत. परंतु काळ्या-पांढऱ्या छायाचित्राला रंग ठाऊक नसतो. पावसाळा सरल्यावर त्या जुन्या लाकडावर कोणती झाक येई, उतरत्या उन्हात सज्जांखालची सावली निळसर दिसे की तपकिरी, हे सांगू शकणारा साक्षीदार म्हणजे त्या चौकात बसून चित्र रंगविणारा कोणीतरी. तो बहुधा हौशीच असणार, कारण व्यावसायिक चित्रकार एका वास्तूपाशी वर्षानुवर्षे रेंगाळत नाही. प्रश्न एवढाच, की त्या साक्षीदाराने वापरलेला तांबडा आज तांबडा उरला आहे काय? आणि ज्या कागदावर तो लावला, तो कागद?

इंदूरला हा प्रश्न अधिक लागू पडतो, याचे कारण तिथली परंपरा. १९२७ साली दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी तिथे चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर हे त्या शाळेत घडले. बेंद्रे पुढे १९५० मध्ये वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललितकला विभागात चित्रकलेचे प्रमुख झाले आणि इंदूरचा वसा दुसऱ्या एका मराठी वस्तीच्या गावी पोचला. ही नावे मोठी आहेत. परंतु अशा शाळेचा खरा परिणाम नावांत मोजता येत नाही. शाळेच्या आसपास राहणाऱ्या, कधीही चित्रकार न झालेल्या माणसांच्या नजरेवर तो होतो. चिंचाळकर गुरुजींनी वाळलेल्या मुळ्या, पाने आणि टाकाऊ वस्तूंमध्ये आकृती शोधायला शिकविले, ते काही केवळ कलाशिक्षकांना नव्हे.

आता मूळ विषय. हौशी माणसाच्या हाती आज दोन माध्यमे सहज येतात, जलरंग आणि अ‍ॅक्रिलिक. दोन्ही पाण्यात कालवायची, दोन्हींना तेलाचा वास नाही, दोन्ही भांडी पाण्याने धुता येतात. त्यामुळे ती सख्खी भावंडे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत, आणि हौशी चित्रकाराच्या अपयशांपैकी निम्मी अपयशे एकाच्या सवयी दुसऱ्याला लावल्यामुळे पदरी येतात.

जलरंगात रंगद्रव्याची अतिबारीक पूड बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात घोटलेली असते. पाणी उडून गेले की डिंक ती पूड कागदाच्या तंतूंना धरून ठेवतो. पण डिंक पुन्हा पाण्यात विरघळतो. म्हणजे जलरंगाचे चित्र कधीच पुरते मिटत नाही. दहा वर्षांनी ओला कुंचला फिरविला तरी रंग हलतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये तीच पूड प्लॅस्टिकच्या जातीच्या सूक्ष्म कणांच्या दुधाळ द्रवात असते. पाणी उडाले की ते कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो आणि मग त्याला पाणी पुन्हा सोडवू शकत नाही. जलरंग हे उघडे दार, अ‍ॅक्रिलिक हे बंद झालेले दार. बाकीचे सगळे फरक यातून निघतात.

यातलाच एक फरक नवशिक्याला फार छळतो. जलरंग वाळला की फिका पडतो, अ‍ॅक्रिलिक वाळला की गडद होतो. ओल्या जलरंगावरची पाण्याची चमक नाहीशी झाली की छटा उतरते. म्हणून ओला असताना किंचित भडक वाटेल इतका रंग लावावा लागतो. अ‍ॅक्रिलिकचे उलट. त्यातला दुधाळपणा वाळल्यावर निवळतो आणि मघाशी जुळलेली छटा एकाएकी काळवंडते. जलरंगावर हात बसलेला माणूस अ‍ॅक्रिलिककडे वळला की त्याची पहिली पाच-सहा चित्रे उदास होतात, याचे कारण त्याच्या मनःस्थितीत शोधू नये.

दुसरा फरक पांढऱ्याचा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग पेटीत नसतो, कागदावर असतो. उजेड रंगाच्या पातळ थरातून आत शिरतो, कागदावर आपटतो आणि परत येतो. चित्राला जी आतून उजळल्यासारखी कांती येते ती या येण्याजाण्याची. त्यामुळे कुठे काही लावायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे हाती समई घेतलेल्या स्त्रीचे जगप्रसिद्ध चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ च्या सुमाराचे हे चित्र जलरंगातले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कित्येक जण ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. चित्रासाठी हळदणकरांच्या कन्या गीताताई उभ्या राहिल्या होत्या. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून झिरपणारी तांबूस प्रभा आणि भोवतीचा गर्द अंधार, दोन्ही एकाच कागदावर. जलरंगात अंधार वाढविणे सोपे असते, उजेड परत आणणे जवळपास अशक्य. हळदणकरांनी तो आधीपासून राखला, यात त्या चित्राची सगळी हिकमत आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांची कोटितीर्थ तळ्याची जलरंगचित्रे पाहिली तरी हेच दिसते: पाणी रंगविण्यापेक्षा पाणी सोडलेले अधिक.

हौशी चित्रकाराने हे धाडस एकदम करू नये, पण टाळूही नये. त्यासाठी राजवाड्याचेच चित्र दोन्ही माध्यमांत करून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे.

आधी जलरंगात. कागद सुती लगद्याचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, मध्यम खडबडीत पोताचा असावा. पातळ कागद असेल तर तो पाच-दहा मिनिटे पाण्यात भिजवून, लाकडी फळीवर पसरून, डिंकाच्या कागदी पट्टीने चारही कडा चिकटवून वाळू द्यावा. वाळताना तो ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो आणि मग रंगविताना त्याला डोंगरदऱ्या येत नाहीत. रेखाटन हलक्या पेन्सिलीने. खोडरबर जितके कमी तितके बरे, कारण घासलेल्या जागी कागदावरची सरसाची कांजी निघते आणि रंग तिथे डागासारखा शोषला जातो.

फळी मागून चार बोटे उंच करावी. आकाशाचा रंग वाटीत पुरेसा, म्हणजे लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट, कालवून ठेवावा. मध्येच रंग संपणे ही हौशी चित्रकाराची सर्वात सामान्य आणि सर्वात टाळता येण्याजोगी आपत्ती. भरलेला मोठा कुंचला वरच्या कडेने आडवा ओढला की खालच्या बाजूला रंगाचा एक ओला मणी तयार होतो. पुढचा फराटा त्या मण्याला उचलून खाली नेतो. असे करीत छपरापर्यंत यावे, शेवटचा मणी कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावा आणि मग हात मागे घ्यावा. अर्धवट वाळलेल्या आकाशात एखादी जागा फिकी दिसली म्हणून पाण्याचा कुंचला लावला, की पाणी बाजूचा रंग ढकलीत जाते आणि कोबीच्या गड्ड्यासारखी दातेरी कडा उमटते. ती पुसता येत नाही. नंतर तिला ढग म्हणून खपविण्याचा प्रयत्न सगळेच करतात.

दगडी मजल्यांसाठी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोनच रंग पुरतात. त्यांच्या मिश्रणातून उबदार तपकिरीपासून थंड करड्यापर्यंत सगळी माळ मिळते. शिवाय अल्ट्रामरीनचे कण जड असल्याने ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि दगडाचा खरबरीतपणा फुकट मिळतो. हा कणीदारपणा मुद्दाम आणू पाहणाऱ्याला येत नाही. भरपूर पाणी घालून हात थांबविणाऱ्याला येतो. लाकडी मजल्यांसाठी त्याच सिएनात थोडा गुलाबी रंग मिसळावा. खिडक्यांचे चौकोन एकेक मोजून भरू नयेत. सावल्यांचा एक सलग पट्टा सज्जांखालून ओढला की डोळा खिडक्या स्वतःच मोजतो. कबुतरे हवी असतील तर ती आधीच मेणबत्तीच्या टोकाने कागदावर उमटवून ठेवावी. मेणावर पाणी धरत नाही. चौकातल्या विजेच्या तारा गाळाव्यात की घ्याव्यात, यावर दोन मते आहेत. ज्यांना साक्षीदार व्हायचे आहे, त्यांनी घ्याव्यात.

अवनींद्रनाथ ठाकुरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी चित्रकारांच्या सहवासात जी वॉश पद्धत घडविली, तीत रंगविलेला कागदच पाण्यात बुडवीत. सुटा रंग वाहून जाई, तंतूंत मुरलेला उरे. वाळवून पुन्हा रंग, पुन्हा पाणी. जलरंगाच्या उघड्या दाराचा हा सर्वात धीट उपयोग. चांगल्या जाड कागदावर आणि ज्याचा मोह सुटला आहे अशा चित्रावर तो अवश्य करून पाहावा. पुष्कळदा बिघडलेले चित्र बुडवून काढल्यावर पहिल्यापेक्षा बरे दिसते, आणि न दिसले तर गमावलेले काहीच नसते.

आता तोच राजवाडा अ‍ॅक्रिलिकमध्ये. पाण्यात कालवायचे हे रंग १९५५ च्या सुमारास अमेरिकेत चित्रकारांसाठी बाजारात आले; त्यामुळे त्यांच्यामागे शतकांची वहिवाट नाही. कॅनव्हास किंवा हार्डबोर्डवर गेसोचे दोन हात द्यावेत. गेसो वाळल्यावर सगळ्या पृष्ठभागावर पातळ बर्न्ट सिएना फासून घ्यावा, म्हणजे पांढऱ्या पाटीची भीती जाते आणि पुढे लावलेल्या प्रत्येक रंगाखालून ती उष्णता डोकावत राहते. इथे क्रम उलटा. जलरंगात उजेडाकडून अंधाराकडे जायचे असते, इथे आधी सावल्या बसवाव्यात आणि मग त्यांतून वास्तू वर काढावी. सज्जांवरचे ऊन सर्वात शेवटी, जाड, टायटॅनियम पांढऱ्यात जरासा पिवळा मिसळून. चुकले तर दहा मिनिटांत वाळते आणि वरून झाकता येते. ही सोय माणसाला धीट करते. ती माणसाला आळशीही करते, कारण ज्याला झाकता येते तो आधी ठरविण्याचे कष्ट घेत नाही. अ‍ॅक्रिलिकची कित्येक हौशी चित्रे जड दिसतात ती या कारणाने.

अ‍ॅक्रिलिकला पाणी हवेच, पण बेताचे. जलरंगासारखा तो पाण्याने पातळ करीत गेले तर कणांना धरून ठेवणारे द्रव्य विरळ होते आणि गेसोवर बसलेला थर कच्चा राहतो. पातळ, काचेसारखा थर हवा असेल तर पाण्याऐवजी त्याच जातीचे मीडियम मिसळावे. वाळलेल्या सावलीवर निळ्याचा असा एक थर दिला की खालचा रंग हलत नाही आणि सावली खोल होते. हे काम जलरंगात जोखमीचे, कारण दुसरा हात पहिल्याला उचलतो. पाटीवरचा रंग वाळू नये म्हणून पसरट डब्यात ओले फडके घालून त्यावर बटर पेपर ठेवावा आणि त्यावर रंग काढावेत. झाकण लावले तर दोन-तीन दिवससुद्धा ओले राहतात. कुंचले नायलॉनचे, आणि हातात नसतील त्या वेळी पाण्यात. अ‍ॅक्रिलिकमध्ये एकदा वाळलेला कुंचला म्हणजे केवळ काडी. जलरंगासाठी मऊ केसांचा कुंचला लागतो, परंतु मुंगुसाच्या केसांचा घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, तरी असे कुंचले चोरून विकले जातात. चांगला कृत्रिम केसांचा कुंचला त्यांच्या तोडीचे काम करतो.

हवामानाचा हिशेबही प्रत्येक गावी वेगळा मांडावा लागतो, आणि परदेशी पुस्तके इथे दिशाभूल करतात. त्यांत ‘थर वाळू द्यावा’ असे लिहिलेले असते. ग्वाल्हेरला मे महिन्यात कागदाची वरची कड खालची रंगवेपर्यंत वाळते. तिथे पहाटे काम करावे, कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा आणि पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकावेत. गोव्यात किंवा बेळगावला आषाढात तोच थर अर्धा तास ओला राहतो. ओल्यात ओला रंग सोडण्याला ती हवा आयती अनुकूल. घाईच्या माणसाने मात्र त्या दिवसांत अ‍ॅक्रिलिक घ्यावे. पण थंडीत अ‍ॅक्रिलिक घेताना जपावे लागते. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली त्याचे कण नीट जुळत नाहीत आणि थर भुसभुशीत होतो. उलट कडक उन्हाळ्यात वाळलेला थरही किंचित मऊ होतो. एकावर एक रचून ठेवलेली अ‍ॅक्रिलिकची चित्रे त्या वेळी एकमेकांना चिकटतात आणि सोडविताना दोन्ही फाटतात. ती उभी, सुटी ठेवावीत.

इथवरचे सगळे हातांचे काम. आता सुरुवातीच्या काळजीकडे वळावे लागेल.

रंग उडतात, हे जुनेच दुःख. १८८८ साली इंग्लंडमध्ये रसेल आणि अ‍ॅबनी या दोघांनी जलरंगांवर प्रकाशाच्या होणाऱ्या परिणामांचा अहवाल सादर केला. काचेच्या नळ्यांत रंगविलेल्या पट्ट्या ठेवून त्यांनी दाखवून दिले की पुष्कळ रंग उजेडाने फिकटतात, दमटपणाने ते अधिक वेगाने फिकटतात, आणि हवा काढून घेतलेल्या नळीत त्यांपैकी बहुतेक टिकून राहतात. चित्र निर्वात नळीत लावता येत नाही. परंतु रंग निवडता येतात.

सर्वात धोकादायक तांबडा म्हणजे अ‍ॅलिझरिन क्रिमझन. मंजिष्ठेच्या मुळातले हे रंजकद्रव्य १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढे तो प्रत्येक पेटीचा मानकरी झाला. दिसायला अतिशय देखणा. पण पातळ लावला की काही वर्षांत निघून जातो, आणि जलरंगात तो पातळच लावला जातो. सायंकाळच्या आकाशात ज्यांनी तो वापरला, त्यांच्या चित्रांत कालांतराने नुसती निळसर दुपार उरते. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन जातीचा गुलाबी घ्यावा. अस्सल गॅम्बोज पिवळा, कार्माइन आणि व्हॅन्डाइक तपकिरी यांवरही भरवसा ठेवू नये. भरवशाचे ते मातीचे रंग: पिवळी माती, गेरू, सिएना, अंबर. गोव्या-कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर कावेने केलेली चित्रे ऊन-पावसात उभी आहेत, ती लोहाच्या त्या मातीमुळे. अल्ट्रामरीन आणि फ्थॅलो निळा हेही उजेडाला दाद देत नाहीत. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा रंगाला हवेपासून काहीसा झाकतो, तरी कच्चे रंगद्रव्य तिथेही कच्चेच.

शाळकरी वयात हाती आलेली वड्यांची पेटी पुष्कळांना आयुष्यभर प्रिय असते. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून आरंभ केलेल्या कॅम्लिनने मराठी मुलांच्या तीन-चार पिढ्यांना रंगांची ओळख करून दिली, हे ऋण मोठे आहे. परंतु विद्यार्थ्यांसाठीचे रंग आणि चित्रकारांसाठीचे रंग हे कोणत्याही कारखान्याचे वेगळेच असतात. पहिल्यांत रंगद्रव्य कमी आणि भर अधिक. सहा नळ्या चांगल्या घ्याव्यात, चोवीस साध्या घेऊ नयेत. नळीवर टिकाऊपणाचे तारे किंवा अक्षर छापलेले असते ते वाचावे. त्यावरही विश्वास नसेल तर घरीच परीक्षा घ्यावी: प्रत्येक रंगाचा पट्टा एका कागदावर ओढून अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकावा आणि तो तुकडा उन्हाच्या खिडकीत होळीपासून पावसाळ्यापर्यंत चिकटवून ठेवावा. झाकण काढल्यावर दिसते ते पाहून पेटीतल्या एक-दोन नळ्या तरी बाद होतात.

कागदाविषयी ग्रंथालयाच्या सभासदांना निराळे सांगायला नको. शतकापूर्वीच्या वह्या आणि पुस्तकांपैकी काहींची पाने अजून पांढरी का आणि काहींची हात लावताच तुटतात का, हे त्यांनी पाहिले आहे. लाकडाचा कच्चा लगदा आणि तुरटी-राळेची खळ यांमुळे कागदात आम्ल तयार होते आणि तो आतून जळतो. स्वस्त ड्रॉइंग पेपरची कथा तीच. त्यावर उत्तम रंग लावला तरी खालचा पांढरा, म्हणजे जलरंगाचा सगळा उजेड, तपकिरी होत जातो. चांगला कागदही दमट कपाटात ठेवला तर बुरशी त्याची खळ खाते. वरून काही दिसत नाही, पण रंग लावताच टीपकागदासारखे ठिपके पडतात. आणि डिंक व खळ या दोन्हींची आवड असलेली कसर ग्रंथालयाइतकीच चित्रांच्या गठ्ठ्यातही सुखाने राहते.

चौकट करताना चित्र काचेला टेकू देऊ नये. मध्ये जाड माउंट हवा, नाहीतर दमट दिवसांत रंग काचेला धरतो. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित असावा. बाजारातला तपकिरी पुठ्ठा आणि प्लायवूड कागदाला मागून डाग पाडतात, आणि ते डाग प्रथम आकाशातच दिसतात. जलरंगाचे चित्र समोरच्या खिडकीचे ऊन पडेल अशा भिंतीवर लावू नये, मग दिवाणखान्यात ती एकच भिंत रिकामी असली तरी. अ‍ॅक्रिलिकला काच लागत नाही. पण त्याचा मऊ थर धूळ धरतो, म्हणून वार्निशचा हात द्यावा.

हे सगळे काटेकोरपण हौशी माणसाला अतिरेकी वाटते. ‘आपली चित्रे काय जपून ठेवायची?’ असे तो म्हणतो, आणि त्यात विनय असतो तितकाच आळसही असतो. राजवाड्याला आग लागेल, असे चौकात बसून तो रंगविणाऱ्या कोणाला वाटले असणार? कोणते चित्र पुढे पुरावा ठरेल हे काढणाऱ्याला कळत नसते. म्हणून सगळीच चित्रे टिकाऊ सामानावर काढावी लागतात. फरक खर्चाचा थोडा आणि सवयीचा अधिक आहे.

कपाटावरची चित्रे उतरविण्याचे काम मात्र पुढच्या पिढीचे. वडिलांच्या वा आजीच्या माघारी ती रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उजेडात आणून पाहावीत. कुठल्या घाटाची, कुठल्या वाड्याची, कुठल्या पाडलेल्या बाजाराची ती आहेत, हे ओळखू शकणारी माणसे हयात असतानाच हे व्हायला हवे. गुंडाळ्या सरळ करण्यासाठी इस्त्री फिरवू नये. पावसाळी हवेत दोन दिवस मोकळ्या ठेवल्या की कागद आपोआप सैल होतो, मग टीपकागदांमध्ये घालून वजनाखाली ठेवावा. आणि जे चित्रकार आज काम करीत आहेत, त्यांनी प्रत्येक चित्राच्या पाठीमागे स्थळ, तारीख, वेळ आणि वापरलेल्या रंगांची नावे लिहून ठेवावीत, मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनने कधीही नाही. त्याची शाई कालांतराने कागदातून पुढे उतरते.